अर्धा तास सत्काराचा की दुसऱ्या खेपेचा?

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. पालक, मुलं आणि शिक्षक यांची मिळून ‘स्वनिर्मिती आणि डिझाइन थिंकिंग’ कार्यशाळा घ्यायचं मुख्याध्यापकांनी ठरवलंय आणि ते घोंगडं माझ्या गळ्यात पडलंय. मागे तालुक्याला अशाच एका प्रशिक्षणाला गेले होते. दिवसभर रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवल्या, ‘एम्पथाइज, डिफाइन, आयडिएट’ वगैरे पाच शब्द वहीत उतरवून घेतले, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. वर्गात आल्यावर त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. आता एक किटवाला मागे लागलाय. कुटुंबामागे साडेआठशे रुपये; तीस कुटुंबं धरली तर साडेपंचवीस हजार. पालकांचं म्हणणं आणखी वेगळं : “हातकामच करायचं तर शेतात काय कमी आहे? पोरगं शिकायला पाठवलंय.” ज्या वडिलांना उत्साह आहे ते विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प रात्री जागून स्वतःच करून देतात. स्टाफरूममध्ये ‘बाईंचा कागदकामाचा तास’ म्हणून चेष्टा सुरू झालीय. आणि खरं सांगू, माझ्या हाताने साधा खिळा सरळ ठोकला जात नाही. तीन तासांत साठेक माणसांकडून मी काय करून घेऊ? किट घेऊ का?

— एक शिक्षिका

बाई,

किट घेऊ नका. निदान पहिल्या वेळी तरी नको.

किटमधून गाडी निघणार की पंखा, हे डबा उघडण्याआधीच ठरलेलं असतं. तीस कुटुंबं तीस सारख्या गाड्या जोडतात आणि एखाद्याचं चाक फिरलं नाही की तो किटवाल्याला हाक मारतो. साडेपंचवीस हजारांत तुमच्या शाळेला वर्षभर पुरेल एवढं सामान येईल आणि वर पैसे उरतील. त्याचं पुढे सांगतेच.

आधी त्या तालुक्याच्या प्रशिक्षणाबद्दल. चिठ्ठ्यांमध्ये काही वावगं नाही, त्या पाच शब्दांतही नाही. डिझाइन थिंकिंगच्या पायऱ्या म्हणून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलने, म्हणजे तिथल्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेने, ते शब्द रूढ केले. त्यांचा सरळ अर्थ असा, की ज्याच्यासाठी करायचं त्याला विचारा, त्याचं नेमकं काय अडतं ते ठरवा, चार-सहा मार्ग काढा, त्यातला एक कच्चा करून बघा आणि तो त्याच माणसाच्या हातात द्या. अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या किरण बीर सेठी यांनी २००९ साली ‘डिझाइन फॉर चेंज’ हा मुलांसाठीचा उपक्रम सुरू केला तेव्हा पायऱ्या चारच ठेवल्या : जाणून घ्या, कल्पना करा, करून बघा, इतरांना सांगा. पाच असोत की चार, व्याकरणाच्या नियमांसारखे ते पाठ करायला लावले की संपलंच. कार्यशाळेत हे शब्द फळ्यावर लिहूही नका. मुलं ते करतील, नावं कधीतरी नंतर कळतील.

खोट असते ती वेळेच्या हिशेबात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. यात पाऊण तास जातो. मग घाईघाईने काहीतरी बनतं, टाळ्या पडतात, फोटो निघतो, आभार मानायला कुणीतरी उभं राहतं. पहिली वस्तू झाली की कार्यशाळा संपते. ती पहिली वस्तू असते बनवणाऱ्याच्या डोक्यातली. वापरणाऱ्याच्या हातात गेल्यावर ती कुठे अडते ते दिसतं, आणि त्यातून जी दुसरी होते तिच्यासाठी हा सगळा खटाटोप असतो. तेव्हा बाकी काय वाटेल ते कापा, दुसऱ्यांदा करायचा वेळ कापू नका. या पत्रातली एवढी एकच गोष्ट पाळलीत तरी चालेल.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. पीटर स्किलमन या डिझायनरने एक खेळ काढला, टॉम वुजेक यांनी तो पुढे देशोदेशी नेला. आपल्याकडे पुण्याच्या आयटी कंपन्यांतही तो खेळवतात. गटाला स्पॅगेटीच्या २० कोरड्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमेलो, म्हणजे साखरेची मऊ फुगीर वडी. १८ मिनिटांत जमेल तेवढा उंच मनोरा उभा करायचा आणि ती वडी टोकावर टिकली पाहिजे. वुजेक यांच्या पाहणीत बालवाडीतली मुलं बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरली. मोठी माणसं आधी म्होरक्या कोण ते ठरवतात, आराखडा काढतात, नीटनेटका मनोरा रचतात आणि अगदी शेवटच्या मिनिटाला वडी वर ठेवतात. मनोरा कंबरेत वाकतो आणि वेळ संपलेली असते. पोरं पहिल्यापासून वडी खोचून बघतात. पडलं, पुन्हा केलं. त्यांच्या वाट्याला चार-पाच खेपा येतात, मोठ्यांच्या वाट्याला एक.

आता काय बनवायचं? मनोरा नको. मनोऱ्याचं कुणाला काही अडलेलं नसतं. विषय असा द्या : समोरच्या माणसाला रोज अडणारी एक बारीकशी गोष्ट. ‘गावाचा पाणीप्रश्न’, ‘प्लॅस्टिकमुक्ती’ असले विषय घेतलेत तर भाषणं होतील आणि पोस्टर होतील. बारीक म्हणजे किती बारीक? पहाटे धार काढताना एका हातात बॅटरी धरावी लागते. आजोबांचा चष्मा रोज हरवतो. स्वयंपाक करताना मोबाइल ठेवायला कोरडी जागा नाही. शाळेच्या व्हरांड्यात चपलांचा ढीग होतो आणि पहिलीच्या पोराची एक चप्पल रोज दुसरं कुणीतरी घालून जातं.

आणि इथे एक खोच आहे. मुलाने स्वतःच्या घरच्यासाठी करायचं नाही, दुसऱ्याच्या घरच्यासाठी करायचं. गेटवर चिठ्ठ्या उचलायला लावा : या मुलीची जोडी त्या आजोबांशी, त्या मुलाची जोडी या काकूंशी. तुमची निम्मी डोकेदुखी यातच जाईल. आपल्या पोराच्या हातातली कात्री ओढून घेणारा बाप दुसऱ्याच्या पोराच्या हातातली ओढत नाही. लोकलाज आडवी येते. स्वतःच्या आजीला काय हवं ते मुलगी गृहीत धरते, परक्या आजीला तिला विचारावंच लागतं. शिवाय तुमच्या भागात कितीतरी घरांतले बाप मुंबईला असतात, पोरं आजी-आजोबांकडे. ज्याच्या घरून कुणी येऊ शकलं नाही तो मुलगा अशा अदलाबदलीत उघडा पडत नाही. निमंत्रणात ‘आई-वडील’ असं लिहूच नका, ‘घरातलं कुणीही एक मोठं माणूस’ असं लिहा.

एका कार्यशाळेत एका सहावीतल्या मुलीच्या वाट्याला अशाच परक्या आजी आल्या होत्या. त्यांचं गाऱ्हाणं गोळ्यांचं. सकाळच्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या, गोंधळ व्हायचा. मुलीने पुठ्ठ्याचा सुरेख डबा केला, चार कप्पे, वर घट्ट बसणारं झाकण, झाकणाला सोनेरी कागद, प्रत्येक कप्प्यावर वळणदार अक्षरात ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘संध्याकाळ’, ‘रात्र’. आजी म्हणाल्या, “छान केलंयस गं.” आणि डबा मांडीवरून बाजूला ठेवला. तिथेच थांबलं असतं तर फोटो झकास आला असता. नियम असा होता, की वस्तू देणाऱ्याने पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही, नुसतं बघायचं. आजींना कुणीतरी डबा उघडायला सांगितला. सांध्यांनी धरलेल्या बोटांनी ते घट्ट झाकण निघेना. त्यांनी दातांनी ओढायचा प्रयत्न केला. उघडल्यावर कळलं, त्यांना वाचता येत नाही. मुलीचा चेहरा पडला, पण पाचच मिनिटं. दुसऱ्या खेपेला तिने झाकण टाकूनच दिलं. काडेपेट्यांचे चार खण एकमेकांना चिकटवून प्रत्येकाला सुतळीचा मोठा फासा लावला, ज्यात अख्खं बोट जाईल. अक्षरांच्या जागी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चूल आणि चांदोबा. सोनेरी कागद नव्हता आणि वस्तू पहिलीपेक्षा ओबडधोबड होती. ती मात्र आजींनी पिशवीत टाकली.

बनवणाऱ्याने गप्प बसायचं, हा नियम मुलांपेक्षा शिक्षकांना जड जातो. आपल्याला समजावून सांगायची खोडच असते. वस्तू समजावून सांगावी लागली तर ती अजून व्हायची आहे, एवढं धरून चाला.

तीन तासांची विभागणी मी अशी करेन. पहिली १५ मिनिटं येतील तसं बसायचं आणि काड्यांशी खेळायचं. मग २० मिनिटं जोड्या बसून बोलतील. मुलाने विचारायचं, मोठ्याने सांगायचं आणि शक्य असेल तर करून दाखवायचं, म्हणजे “वाकायला त्रास होतो” म्हणणाऱ्या काकूंनी प्रत्यक्ष वाकून दाखवायचं. ३५ मिनिटं पहिली वस्तू. १५ मिनिटं ती वापरून बघणं. २० मिनिटं चहा, आणि मुख्याध्यापकांना जे काही बोलायचं असेल ते याच वेळात, कप हातात घेऊन. मग ४० मिनिटं दुसरी वस्तू. पहिलीपेक्षा दुसरीला वेळ जास्त, हे मुद्दाम. २० मिनिटं सगळ्यांनी फिरून एकमेकांच्या वस्तू बघायच्या आणि शेवटी १५ मिनिटं झाडलोट. झाडलोट शिपायाकडे सोपवू नका. झाली १८० मिनिटं. सत्काराला जागा उरलेली नाही, हे मला दिसतंय. सरपंच रागावणार असतील तर त्यांनाही एका पोराच्या जोडीला बसवा. त्यांचंही रोज काहीतरी अडत असेलच.

त्या पहिल्या १५ मिनिटांतल्या काड्यांविषयी थोडं सविस्तर, कारण लोकांचा संकोच तिथेच जातो. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हट्यूब मिळते, ती काळी बारीक रबरी नळी. तिचे बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढे तुकडे कापा. बिनगुलाच्या काड्या मिळतात त्या आणा. काडेपेटीच्या घेतल्या तर गुल आधीच तोडून टाका आणि हे काम मुलांना देऊ नका. नळीच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की मधे वाकणारा सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि चार काड्यांचा चौकोन. दोन्ही टेबलावर उभे धरून वरून बोटाने कलते दाबा. चौकोन लगेच तिरका होऊन लोळतो. त्रिकोण हलत नाही. फार जोर लावलात तर काडी मोडेल, आकार नाही बदलणार. कुणाला काही सांगू नका, “चौकोन उभा राहील असं करा” एवढंच म्हणा. पत्र्याच्या शेडची कामं करणारा एखादा पालक असला तर तो जरा लांब काडी तिरपी घालून म्हणेलच, “ही तर छपराची कैची झाली की बाई.” झालं, त्या दिवसाचा पहिला गुरुजी तुम्हाला मिळाला.

ही काडी आणि नळीची युक्ती अरविंद गुप्तांमुळे घरोघरी गेली. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टाटांच्या टेल्कोत नोकरी, मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगाशी संबंध, आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कित्येक वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर सामग्री फुकट आहे. किटवाल्याला फोन करण्याआधी एक संध्याकाळ ती बघा.

सामानाचं म्हणाल तर किराणा दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवा, खोके फेकू नको म्हणून. खोक्याचा पुठ्ठा आतून नळ्यांचा असतो. नळ्यांच्या दिशेने सरळ दुमडतो, आडव्या दिशेने दुमडायला गेलं तर वेडावाकडा चिंबतो. हे एकदा हातात घेऊन कळलं की निम्मी मोडतोड टळते. सुतळी, कामट्या, खराट्याच्या काड्या, जुनी वर्तमानपत्रं, रिकाम्या रिफिली, कपड्यांचे चिमटे, जुन्या ओढण्या, बाटल्यांची झाकणं. विकत आणायचं ते एवढंच : कात्र्या, दोन-तीन चांगले कटर, टोचायला दाभण, कागदी चिकटपट्टी, व्हॉल्व्हट्यूब. टोपल्यांत सुटं मांडा, मधोमध. घराघराचं वेगळं पाकीट करू नका. उठून जाऊन निवडावं लागलं की माणसं दुसऱ्याच्या टेबलाकडे बघतात आणि बघून उचलतात. तिथे नक्कल करणाऱ्याला रागवायचं कारण नाही.

आणि फेविकॉल. शाळेच्या कार्यशाळा या बाटलीपायी फसतात. फेविकॉल वाळायला वेळ घेतो, खळ त्याहून जास्त. पहिली वस्तू हातात देईपर्यंत ती ओलीच असते, उचलली की हातात तुकडे येतात आणि सगळ्यांना वाटतं, आपल्याला जमत नाही. म्हणून चिकटवण्याऐवजी अडकवायला शिकवा. पुठ्ठ्याच्या जाडीएवढी खाच दोन्ही तुकड्यांना पाडली की ते एकमेकांत फुलीसारखे उभे राहतात. नळकांड्याच्या टोकाला कापे देऊन पाकळ्या बाहेर दुमडल्या की ते सपाट पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने पक्कं बसतं. भोक पाडून सुतळीची गाठ मारली की सांधा हलताही राहतो. हे तीन जोड एका पुठ्ठ्यावर करून नमुना म्हणून भिंतीला टांगून ठेवा. गरम डिंकाची बंदूक एखादी असली तर तिच्यापाशी एका मोठ्या माणसाला बसवा आणि मुलांनी तिथे रांगेत यायचं.

कटरसाठी नियम साधा : रेघ मुलाची, पातं मोठ्याचं. मुलाने आखलं तेवढंच मोठ्याने कापायचं. रेघ चुकली असली तरी चुकीचीच कापायची. बापांना हे फार कठीण जातं, आधीच सांगून ठेवा. दिवे-मोटारींचा मोह झालाच तर पेन्सिल सेल वापरा, बटणासारखे चपटे सेल कार्यशाळेत आणूच नका. धाकटी भावंडं मांडीवर येणारच, आणि तो सेल गिळला गेला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते.

आता पालकांच्या म्हणण्याकडे येते. “हातकाम शेतात आहेच” हे ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या हातात कसब आहे आणि शाळेने त्याला कधी मार्क दिलेले नाहीत, तेव्हा शाळाच आता पुठ्ठे कापायला बोलावते म्हटल्यावर त्यांना ते पोरखेळ वाटणारच. त्यांना डिझाइन थिंकिंगचं महत्त्व पटवायला जाऊ नका. पाबळचं सांगा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट केलेले अन्नतंत्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली पोरं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, जनावरं यांतून विज्ञान शिकली, आणि गावाला लागणाऱ्या वस्तू खरोखर करून देत शिकली. हाताने केलेलं डोक्यात जातं, हा त्यांचा पाया. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाने आपली फॅब लॅब, म्हणजे यंत्रांवर हवी ती वस्तू करून बघायची कार्यशाळा, विद्यापीठाबाहेर पहिल्यांदा उभी केली ती याच पाबळला. आणखी मागे जायचं तर गांधीजींची नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, आणि १९३७ची वर्ध्याची परिषद. म्हणजे हे खूळ सातासमुद्रापलीकडून आलेलं नाही, आपल्याकडून मधे सुटलं होतं एवढंच.

कागदोपत्री आधार हवा असेल तर २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. त्या दिवसांत त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुमचे वर्ग नेमके त्यातच बसतात. मुख्याध्यापकांच्या फायलीला एवढं पुरे.

मात्र गावातल्या सुताराला बोलावून स्टेजवर बसवू नका, ‘आमचे लोहारकाका दोन शब्द बोलतील’ असंही करू नका. त्यांना टेबलांमधून फिरू द्या आणि सांधे हलवून बघू द्या. गोधडी शिवणाऱ्या आजींना सुतळीच्या गाठींचं काम द्या. दिवाळीत याच पालकांच्या अंगणात किल्ला होतो. दगड-विटा रचून त्यावर गोणपाट, वर चिखल, मोहरी किंवा हळीव पेरून हिरवळ, बुरूज ढासळला की पुन्हा लिंपायचा, शेजारच्या आळीत तळं केलंय असं कळलं की आपल्याकडे बोगदा खणायचा. तिथे त्यांना कुणी किट दिलेलं नसतं. अलीकडे बाजारात तयार किल्ले मिळतात म्हणा, प्लास्टरचे, रंगवलेले. ते घेणाऱ्या घरातल्या पोरांची मला कीव येते, पण तो वेगळा विषय.

स्टाफरूमचं. सहकाऱ्यांना देखरेखीला उभं करू नका. हात मागे बांधून फिरणारा शिक्षक दिसला की मुलं त्याच्या तोंडाकडे बघत काम करतात. त्यांनाही जोडी द्या, त्यांनीही एक वस्तू करायची. त्याआधी एका दुपारी शाळा सुटल्यावर फक्त शिक्षकांची तासाभराची रंगीत तालीम घ्या. विषय स्टाफरूमचाच ठेवा, उदाहरणार्थ सगळ्यांच्या मोबाइल चार्जरच्या वायरींची होणारी गुंतावळ. चेष्टा करणारे बहुधा ‘बरोबर उत्तर काय’ या सवयीचे असतात आणि आपलं चुकलं तर दिसेल या धास्तीने लांब राहतात. त्यांच्यातला सगळ्यात तिरकस बोलणारा जो असेल त्याला वस्तू वापरून बघणाऱ्यांच्या टेबलावर बसवा. खोट काढायची त्याची हौस तिथे कारणी लागेल.

तुमच्या खिळ्याचं काही मनावर घेऊ नका. ज्याला सगळं सफाईने येतं तो “दे इकडे, मी दाखवतो” म्हणतो, तुम्ही म्हणणार नाही. फक्त वरचे तीन जोड आणि काड्यांचा त्रिकोण घरी स्वतःच्या हाताने करून जा. बघून गेलात तर ऐनवेळी अडाल.

जवळच्या हायस्कुलात अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हाताने वस्तू करून बघायची सरकारी अनुदानाची प्रयोगशाळा, आहे का, चौकशी करा. नीती आयोगाची ही योजना २०१६पासूनची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. थ्रीडी प्रिंटर तुम्हाला लागणार नाही. पण करवत, पक्कड, ड्रिल अशी हत्यारं एका शनिवारपुरती मागून आणता येतील, आणि लॅब सांभाळणारे शिक्षक सोबत आले तर उत्तमच.

प्रमाणपत्रं छापायची असतील तर छापा, लोकांना आवडतात. फोटो मात्र जोडीचा काढा, पहिली वस्तू आणि दुसरी वस्तू शेजारी-शेजारी, आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच टाका. महिनाभराने मुलांना त्या-त्या घरी पाठवा, वस्तू वापरात आहे का बघायला. बऱ्याच वस्तू माळ्यावर गेलेल्या असतील, काही चुलीतही. ती मुलं तिसरी करायला सामान मागतील, त्यासाठी उरलेला पुठ्ठा आणि सुतळी वर्गाच्या कोपऱ्यात एका खोक्यात ठेवून द्या, कुलूप न लावता.

किटवाल्याला तोडून टाकू नका. पुढच्या सत्रात सुट्या मोटारी, सुट्या वायरी, सेलचे खण वजनावर किंवा डझनावर देणार असलास तर ये, म्हणावं. आणि तारीख ठरवताना आठवडी बाजाराचा वार आणि भाताच्या कापणीचे दिवस तेवढे टाळा, नाहीतर साठ माणसांऐवजी तुम्ही आणि मुख्याध्यापकच उराल.